चौकातले चेहरे: विद्यापीठाच्या शहरात व्यक्तिचित्रांचं खुलं प्रदर्शन भरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी मंडळं, ग्रंथालयं, वस्तीपातळीवरच्या संस्था आणि विद्यापीठांचे विभाग जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खुलं व्यक्तिचित्र-प्रदर्शन म्हणजे नेमकं काय? दालनातल्या प्रदर्शनापेक्षा त्यात वेगळं काय?

शहरात राहणाऱ्या, शिकणाऱ्या, राबणाऱ्या माणसांची मोठ्या आकारातली चित्रं किंवा छायाचित्रं चौकात, नदीकाठी, ग्रंथालयाच्या कुंपणावर, बसथांब्याजवळ लावायची. दालनात येणारा माणूस बघायच्या तयारीने आलेला असतो. रस्त्यावरचा माणूस बस पकडायच्या घाईत असतो. म्हणून आकार मोठा लागतो आणि मजकूर थोडा. शिवाय दालनाला संध्याकाळी कुलूप लागतं, चौकाला लागत नाही. ज्याचा चेहरा तुम्ही तिथे लावता, तो रात्रभर एकटाच उभा असतो. खालचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघाले आहेत.

२. विद्यापीठाच्या शहरासाठी वेगळा विचार का करायचा?

कारण तिथे दोन वस्त्या एकाच रस्त्याने चालतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत. एक वस्ती तीन-चार वर्षांनी बदलते, दुसरी पिढ्यान् पिढ्या तिथेच असते. त्यात सभागृहांच्या भिंतींवर संस्थापक, कुलगुरू आणि देणगीदारांची तैलचित्रं टांगायची जुनी रीत. भिंतीवर कोण असावं, हा प्रश्न अशा शहरात आधीपासूनच हवेत असतो.

नेहमी घसरण होते ती एकाच ठिकाणी. आयोजक आवारातले असतात, ओळखी आवारातल्या असतात, आणि बघता बघता प्रदर्शन परदेशी विद्यार्थ्यांचं होऊन बसतं. वसतिगृहाची सफाई करणारे, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, झेरॉक्सवाले, खोल्या भाड्याने देणारे, सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहायक हे सगळे राहून जातात. निम्मे चेहरे विद्यापीठाच्या पगारपत्रकावर आणि हजेरीपटावर नसलेले हवेत, असा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. नंतर तो पाळणं अवघड जातं.

३. किती चेहरे ठेवावेत?

पहिल्या वेळी २४ च्या आसपास. दहा-बारा असले की प्रत्येक चेहरा आपोआप एखाद्या गटाचा प्रतिनिधी वाटू लागतो. साठाच्या वर गेलं की लोक चेहरे न बघता भिंत बघतात. एका व्यक्तीमागे फोटोसाठी पाऊण तास, फोटोच्या संपादनाला एक तास, आणि संमती, मजकूर, मजकुराची तपासणी यांत मिळून आणखी दोन-तीन तास जातात. २४ लावायचे असतील तर ३० जणांचे फोटो काढा. काही जण माघार घेतात (प्रश्न १४), आणि जादा चित्रं पुढे राखीव म्हणून उपयोगी पडतात (प्रश्न १४ आणि २०).

४. माणसं निवडायची कशी? खुलं आवाहन केलं की पुरे ना?

पुरे नाही. आवाहनाला प्रतिसाद देतात ते आधीच बोलायची सवय असलेले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २०२० मध्ये 'होल्ड स्टिल' या उपक्रमासाठी लोकांकडून छायाचित्रं मागवली तेव्हा ३१ हजारांहून जास्त आली आणि त्यांतून १०० निवडली गेली. एवढा ओघ मोठ्या संस्थेकडे येतो. छोट्या गटाकडे येणाऱ्या नावांत निम्मे मित्रांचे मित्र असतात.

एक तृतीयांश जागा आवाहनातून भरा. उरलेल्यांसाठी स्वतः जा, आणि त्या माणसाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा कुणाला तरी बरोबर घ्या. रात्रपाळीवाल्याला सकाळी अकराची वेळ देऊ नका. रोजंदारीवरच्या माणसाचा बुडालेला वेळ भरून द्या; 'तुम्हाला प्रसिद्धी मिळेल' हा मोबदला नव्हे. निवड समिती पाच-सात जणांची ठेवा, त्यांत निदान तिघे आवाराबाहेरचे हवेत.

५. विविधता दाखवायची म्हणजे प्रत्येक धर्म-देश-भाषेचा एकेक प्रतिनिधी घ्यायचा का?

नाही. अशी यादी केली की भिंतीवर माणसं नाही, रकाने दिसतात. आणि ज्याच्या गटाचा रकाना राहिला तो दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो, तेही रास्तच.

उलट टोकाचाही धोका आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९५५ साली भरलेल्या 'द फॅमिली ऑफ मॅन' प्रदर्शनात ६८ देशांतली ५०३ छायाचित्रं होती. ते अफाट गाजलं. पण जन्म, काम, मृत्यू सगळीकडे सारखेच, असं म्हणताना माणसांच्या परिस्थितीतला फरक आणि त्यामागची कारणं त्याने पुसून टाकली, अशी टीका त्यावर आजही होते.

मधली वाट सोपी आहे: 'तुमची ओळख लोकांना कशाने व्हावी?' हे ज्याचं त्याला विचारा. कोणी मातृभाषा सांगेल, कोणी घड्याळदुरुस्ती, कोणी अपंगत्व, कोणी फक्त 'तिसऱ्या मजल्यावरची' असं सांगेल. उत्तर येईल तीच ओळख. गटांचा समतोल समितीने आपल्या कागदावर जरूर पाहावा, तो फलकावर छापू नये.

६. कुलगुरू, महापौर, मोठे देणगीदार यांचे चेहरे ठेवावे लागतात का?

लागत नाहीत. त्यांच्यासाठी उद्घाटन असतं. पुरस्कर्त्यांची बोधचिन्हं सुरुवातीच्या एका वेगळ्या फलकावर; चेहऱ्यांच्या फलकावर एकही नको.

७. सगळे फोटो एकाच पार्श्वभूमीवर काढावेत की ज्याच्या त्याच्या जागी?

दोन्ही चालतं, पण मिसळ नको. एकसारख्या पार्श्वभूमीमुळे कुलगुरू आणि कारकून एका पातळीवर येतात, मालिका दुरूनही एकत्र दिसते आणि काम वेगाने होतं. ज्याच्या त्याच्या जागी काढलेल्या फोटोत माणसाचं जग येतं, पण वेळ दुप्पट लागतो आणि मागे नको ती माहितीही येते (प्रश्न १५). ब्राझीलच्या छायाचित्रकार आंजेलिका दास यांच्या 'ह्युमाने' या मालिकेत प्रत्येकाच्या नाकावरच्या त्वचेच्या छोट्या तुकड्याचा रंग घेऊन तोच पार्श्वभूमीला दिला आहे. 'गोरा' आणि 'काळा' हे शब्द किती ढोबळ आहेत, ते ती भिंत न बोलता दाखवते.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्या. जवळून वाइड लेन्सने काढलं की नाक फुगतं, आणि दीड मीटरच्या छपाईत ते फारच दिसतं. कॅमेरा बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. व्हीलचेअरवरच्या माणसाचा फोटो उभ्याने काढायचा नाही.

८. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे चेहरे छापून आल्यावर काळवंडतात. असं का होतं?

कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारी यंत्रणा, समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. मागे पांढरा पडदा असला की ते प्रकाश कमी करतं आणि काळा चेहरा आणखी बुडतो. यामागे इतिहासही आहे: फिल्मच्या काळात प्रयोगशाळा रंग जुळवायला जी नमुना-कार्डं वापरत, त्यांवर कित्येक दशकं गोऱ्या बाईचाच चेहरा असे. वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची कार्डं १९९० च्या दशकात आली.

एकच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) लॉक करून तीसही जणांना त्यातून काढू नका. प्रत्येकासाठी चेहऱ्याजवळ धरलेल्या लाइट मीटरने किंवा करड्या कार्डावरून प्रकाश मोजा. पडदा पांढऱ्याऐवजी मध्यम करडा घ्या. काळी त्वचा थेट प्रकाशापेक्षा तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या चकाकीतून जास्त उलगडते, म्हणून मोठा सॉफ्टबॉक्स (प्रकाश पसरवून मऊ करणारी दिव्याची पेटी) एका बाजूने जवळ आणा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा रिफ्लेक्टर ठेवा. छोटा, उघडा फ्लॅश कपाळावर पांढरा ठिपका पाडतो आणि बाकीचा चेहरा अंधारात सोडतो.

मग छपाई. संगणकाचा पडदा झगझगीत असला की आपण फोटो नकळत गडद करतो. त्याची उजळता १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा. मॅट पृष्ठभागावर शाई पसरते आणि सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळतात. म्हणून सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ चेहऱ्यांच्या डोळे-गालांच्या २० सेंटिमीटर रुंद पट्ट्या, खऱ्या साहित्यावर, खऱ्या आकारात छापून घ्या आणि त्या बाहेर, जिथे फलक लागणार तिथेच नेऊन बघा. एका पट्टीचा खर्च वाचवायला गेलं की पूर्ण फलक पुन्हा छापावा लागतो.

९. मोबाइलवर काढलेले किंवा लोकांनी पाठवलेले फोटो चालतील का?

आकारावर अवलंबून आहे. दोन-तीन मीटरवरून बघायच्या फलकाला इंचाला १०० पिक्सेल पुरतात. १ × १.५ मीटरच्या फलकाला साधारण ३९४० × ५९०० पिक्सेल, म्हणजे सुमारे २३ मेगापिक्सेल लागतात; २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा जेमतेम पुरतो, तोही फोटो न कापता. ए१ आकार तितक्याच घनतेने छापायला ८ मेगापिक्सेल पुरे, तिथे चांगला मोबाइल चालतो. पोर्ट्रेट मोडने कान आणि केसांच्या कडा खाल्ल्या आहेत का तेवढं बघा. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. मूळ फाइल मेलने किंवा ड्राइव्हवरून मागवा. कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठा केलेला चेहरा वापरू नका. तो पापण्या आणि सुरकुत्या स्वतःच्या मनाने भरतो, आणि घरच्यांना तो माणूस परका वाटतो.

१०. कशावर छापायचं?

आठवड्यापुरतं, आडोशाला असेल तर सनबोर्ड (हलका फोमचा फलक). भर उन्हात तो मऊ पडून वाकतो. महिन्याच्या वर ठेवायचं तर ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियम कॉम्पोझिट शीट: वजन चौरस मीटरला चारेक किलो, वाकत नाही, पाण्याने फुगत नाही. ऊन्हात ती प्रसरण पावते. ५० अंशांच्या फरकाला मीटरमागे सव्वा मिलिमीटर म्हणा. म्हणून स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर शीट मधोमध फुगते आणि चेहरा आरशातल्यासारखा वेडावाकडा दिसतो.

फ्लेक्स स्वस्त आहे, पण सैल सुटला की फडफडतो आणि रिंगांपाशी, म्हणजे दोरी ओवायच्या कड्यांपाशी, फाटतो. रिंगा अर्ध्या मीटरवर घ्या आणि कडा दुमडून शिवा. जाळीदार कापडातून वारा जातो, पण जवळून डोळे नीट दिसत नाहीत. ते पाच मीटरच्या पलीकडून बघायच्या जागीच.

कशावरही छापलं तरी अतिनील किरण रोखणारं लॅमिनेशन घ्या. उन्हात पिवळा आणि गुलाबी रंग आधी उडतो आणि सगळे चेहरे निळसर, आजारी दिसू लागतात. दुपारचं ऊन थेट येणारी भिंत टाळता आली तर उत्तम. दोन शीटचा सांधा, रिंग किंवा केबल टाय डोळ्यातून किंवा ओठांवरून जात नाही ना, हे कच्च्या आराखड्यावरच तपासा. तोवर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लागल्यावर दुसरं काहीच दिसत नाही.

११. वाऱ्याने फलक पडू नयेत म्हणून बुडाला किती वजन लागतं?

अंदाजापेक्षा बरंच जास्त. ताशी ७२ किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे २४० न्यूटन ढकलतो. १ × १.५ मीटरच्या फलकावर ते ३६० न्यूटन, म्हणजे ३७ किलोचा रेटा झाला. फलकाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर आणि बैठक मागे-पुढे मिळून एक मीटर रुंद असेल, तर तो नुसता उभा राहायला बुडाशी ११० किलो लागतात. ही काठावरची बेरीज आहे; तिच्या दीडपट धरा आणि अंतिम आकडा स्थापत्य अभियंत्याकडून घ्या. विद्यापीठात तो शोधायला लांब जावं लागत नाही. दोन फलक पाठीला पाठ लावून त्रिकोणी किंवा चौकोनी खोका केला तर बैठक रुंद होते आणि वजन कमी लागतं. पाण्याच्या टाक्यांपेक्षा वाळूच्या पिशव्या बऱ्या. टाक्या कोणीतरी हमखास रिकाम्या करतो.

१२. फलक आणि मजकूर किती उंचीवर असावा?

चित्राचा मध्य १४५ ते १५५ सेंटिमीटरवर. चित्रओळ, म्हणजे चित्रासोबतचा मजकूर, मात्र व्हीलचेअरवरून आणि मुलांनाही वाचता यावी म्हणून ९० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, २४ पॉइंटहून लहान नाही. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींमधलं अंतर दीडपट लागतं. फलकांसमोर दीड मीटर मोकळी वाट ठेवा आणि बैठकीचे पाय तिच्यात येऊ देऊ नका. पांढरी काठी वापरणारे आधी तिथेच अडखळतात. क्यूआर कोड वाचायच्या अंतराच्या एक दशांश, म्हणजे अर्ध्या मीटरवरून वाचायचा तर ५ सेंटिमीटरचा. कोडमागे निदान चित्राचं वर्णन सांगणारी ध्वनिफीत हवी, नाहीतर तो शोभेचाच.

१३. चित्रओळ कोणी लिहायची, किती लांब, कोणत्या भाषेत?

साठ शब्दांच्या आत, आणि शक्यतो त्या व्यक्तीच्याच तोंडचे शब्द. 'संघर्ष', 'प्रेरणा', 'हास्यामागचं दुःख' असली विशेषणं आयोजकांची असतात, काढून टाका. माणूस काय करतो आणि आज त्याच्या डोक्यात काय आहे, एवढं पुरे. नावाचं स्पेलिंग, उच्चार, आडनाव आधी की नंतर, सर्वनाम कोणतं, हे ज्याचं त्याच्याकडून लेखी घ्या.

दोन भाषा ठेवा: शहराची एक आणि त्या व्यक्तीच्या पसंतीची एक. इथली नेमकी चूक अशी: मजकूर वर्डमध्ये बरोबर असतो, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की अरबी-उर्दूतली अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमाने बसतात आणि देवनागरीतली जोडाक्षरं फुटतात. म्हणून छपाईला जाणारी अंतिम पीडीएफ ती भाषा वाचणाऱ्याने तपासायची, मूळ मजकूर नव्हे.

१४. संमतीपत्रात काय काय हवं? आणि कोणी नंतर 'माझा फोटो काढा' म्हणालं तर?

एकच 'मी संमती देतो' पुरत नाही. वेगवेगळ्या चौकटी करा: रस्त्यावरचं प्रदर्शन (जागा आणि तारखांसह), संकेतस्थळ, समाजमाध्यमं, वृत्तपत्रं, संग्रहात जतन, आणि विद्यापीठाची जाहिरात. शेवटची चौकट कोरी ठेवायची मुभा ठळकपणे सांगा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाने २००० साली प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सामना बघणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकांत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा संगणकावर चिकटवला होता. तो त्या सामन्याला गेलेलाच नव्हता. प्रदर्शनातले चेहरे माहितीपत्रकात सरकले की लोकांना तेच आठवतं.

युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांत वंश, धर्म, आरोग्य आणि लैंगिक कल ही माहिती विशेष संवेदनशील धरली आहे. इतरत्र कायदा सैल असला तरी तीच रीत पाळा. चित्रओळीत असं काही येणार असेल तर त्या वाक्याला वेगळी सही घ्या. छायाचित्राचा स्वामित्वहक्क बहुतेक ठिकाणी छायाचित्रकाराचा असतो, त्याच्याशी करार निराळा.

माघार: छपाईला जाईपर्यंत कारण न विचारता. लागल्यानंतरही ४८ तासांत फलक उतरवायचा, आणि तिथे राखीव चित्र लावायचं. रिकामी चौकट ठेवली की 'कोण होतं? का काढलं?' याचीच चर्चा होते. वृत्तपत्रात आलेला फोटो मात्र परत घेता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.

१५. ज्यांना चेहरा दाखवणं धोक्याचं आहे, पण सहभागी व्हायचं आहे, त्यांचं काय?

आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेले, घरच्या हिंसेतून निघालेले, घरी स्वतःबद्दल न सांगितलेले विद्यार्थी या शहरांत असतातच. पाठमोरा, हातांचा, सावलीचा किंवा एखाद्या वस्तूचा फोटो घ्या. चेहरा धूसर करू नका. धूसर चेहरा बातमीतल्या आरोपीसारखा दिसतो. मागच्या घराचा क्रमांक, गळ्यातलं ओळखपत्र, खिडकीतून दिसणारी इमारत, हातावरचा गोंदणाचा खास नमुना तपासा आणि ऑनलाइन टाकताना फाइलमधली स्थळाची नोंद पुसा. त्या व्यक्तीला निर्णयासाठी आठवडा द्या. स्टुडिओतल्या उत्साहात दिलेला होकार घरी गेल्यावर बदलतो.

१६. लहान मुलं?

पालकांची सही आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. फक्त पहिलं नाव. शाळा, वस्ती, वय नको. मूल कॅमेऱ्यासमोर गप्प झालं तर तो नकार समजा.

१७. फलकांऐवजी पोस्टर थेट भिंतीवर चिकटवले तर? आणि परवानगी कोणाची?

छान दिसतं आणि खर्च कमी. फ्रेंच कलाकार जेआर यांच्या २०११ पासूनच्या 'इनसाइड आउट' उपक्रमात जगभर लोकांनी आपले कृष्णधवल चेहरे असेच भिंतींवर लावले. ती पोस्टरं साधारण ९० × १३५ सेंटिमीटरची असतात. पातळ, लॅमिनेशन नसलेला कागद घ्या. खळ भिंतीला लावा, पोस्टर चिकटवा, वरून पुन्हा खळ फिरवा आणि मधून कडांकडे हवा काढा. सोललेल्या रंगाची, धुळीची किंवा ओल आलेली भिंत पोस्टर धरत नाही. पावसात आठ-पंधरा दिवसांत कडा सुटतात, आणि फाटलेला चेहरा लोंबत राहणं वाईटच. उतरवायची तारीख आधी ठरवा. जुन्या दगडी आणि वारसा इमारतींवर खळ लावायचीच नाही, डाग राहतात.

भिंतीचा मालक, रस्त्याचं प्रशासन, वारसा विभाग आणि अग्निशमन, सगळ्यांकडे चार महिने आधी जा. आवाराच्या कुंपणाची आतली बाजू विद्यापीठाची आणि बाहेरची पालिकेची, असं अनेकदा असतं. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. सत्र सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लावा आणि परीक्षांच्या आधी उतरवा. सुट्टीत निम्मं शहर रिकामं असतं.

१८. कोणी फलक विद्रूप केला तर?

ते होईल असं धरूनच चला. शाई आणि स्प्रे पुसता येणारं लॅमिनेशन घ्या, द्रावण आधी कोपऱ्यात लावून बघा. सगळ्या चेहऱ्यांची छापील प्रत नाही परवडली तरी फाइल छपाईवाल्याकडे तयार ठेवा. रोज सकाळी एक फेरी. काही सापडलं तर: फोटो काढा, लगेच झाका, आणि सगळ्यात आधी त्या व्यक्तीला स्वतः फोन करा. तिला ते समाजमाध्यमांवरून कळता कामा नये. मग पोलिस, मग पत्रकार. फलक पुन्हा लावायचा का, हे तिनेच ठरवायचं.

व्हिएन्नात मे २०१९ मध्ये नाझी छळातून वाचलेल्यांची रस्त्याकडेला लावलेली मोठी व्यक्तिचित्रं कोणी चाकूने फाडली आणि त्यांवर स्वस्तिकं काढली. तिथल्या लोकांनी ती कापडी चित्रं सुईदोऱ्याने शिवली आणि मग रात्री पाळीपाळीने पहारा दिला. टाके तसेच दिसत राहिले. पण असा पहारा शहर उत्स्फूर्तपणे देतं. तो तुमच्या नियोजनात गृहीत धरता येत नाही.

१९. संपल्यावर फलकांचं काय करायचं?

आधी ज्याचा फलक त्याला विचारा. दीड मीटरचा चेहरा खोलीत ठेवायला जागा नसते, म्हणून प्रत्येकाला एक छोटा छापील फोटोही द्या. तो बहुतेकांना जास्त आवडतो. उरलेले ग्रंथालय किंवा वसतिगृहात हलवायचे तर नवी संमती. फेकायचे असतील तर आधी चेहरा कापा. उकिरड्यावर स्वतःचा अखंड चेहरा पडलेला कुणालाच बघायचा नसतो.

२०. प्रदर्शन सुरू असताना चित्रातल्या व्यक्तीचं निधन झालं, किंवा तिच्यावर गंभीर आरोप झाला तर?

निधन झालं तर घरच्यांचं ऐका. बहुतेकांना चित्र राहावं असं वाटतं. हार, तारीख किंवा काळी चौकट त्यांनी सांगितली तरच.

आरोपाचं अवघड आहे. तेव्हा नियम ठरवायला बसू नका, आधीच लिहून ठेवा: तीन जणांचा गट, त्यांतला एक आवाराबाहेरचा, निर्णयाला २४ तास. ऑनलाइन गदारोळ हे फलक उतरवायचं कारण नाही. पण तक्रार करणारी व्यक्ती त्याच रस्त्याने वर्गात किंवा कामावर जात असेल, तर फलक तात्पुरता उतरवा आणि राखीव चित्र लावा. याला निवाडा म्हणू नका, जाहीर निवेदनही नको. ज्याचा फलक उतरवला त्याला आणि तक्रारदाराला, दोघांनाही वेगवेगळं आणि आधी कळवा. फलक जपून ठेवा. चौकशी संपल्यावर तो परत लागूही शकतो.